मळवली ते मळवली: विसापूर–लोहगडाच्या दिवसभराच्या फेऱ्याची आखणी

पुण्याहून एका दिवसात होणाऱ्या डोंगरभटकंतीचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. आतकरवाडीतून सिंहगड चढायचा आणि त्याच वाटेने खाली यायचे, हा पहिला. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळून निघून एकामागून एक टेकड्या ओलांडत सिंहगडाकडे जायचे, हा दुसरा. त्यात सुरुवात एका टोकाला आणि शेवट दुसऱ्या टोकाला होतो. तिसरा प्रकार फेऱ्याचा: ज्या गावातून सकाळी निघालो तेथेच, पण वेगळ्या वाटेने, संध्याकाळी परत यायचे. फेऱ्यात गाडीची सोय दोनदा करावी लागत नाही आणि एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही, म्हणून तो पुष्कळांना सोयीचा वाटतो. आखणीच्या दृष्टीने मात्र तिन्हींत तोच अवघड आहे. आल्या वाटेने परतताना पुढे काय वाढून ठेवले आहे हे आपण सकाळीच पाहिलेले असते. फेऱ्यात दिवसाचा उत्तरार्ध, म्हणजे पाय थकलेले आणि पाणी संपत आलेले असतानाचा भाग, नवख्या वाटेवर जातो. म्हणून फेऱ्याची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल मळवली–भाजे–विसापूर–गायमुख खिंड–लोहगड–भाजे–मळवली हा फेरा घेऊ. मळवली हे पुणे–लोणावळा लोकलचे लोणावळ्याच्या लगेच अलीकडचे स्थानक आहे. स्थानकातून बाहेर पडून द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गावाचा रस्ता लागतो. भाज्यातून एक वाट विसापूरवर चढते. विसापूरच्या लोहगडाकडील अंगाने उतरले की दोन्ही किल्ल्यांमधल्या गायमुख खिंडीत पोहोचता येते. खिंडीतून लोहगडवाडी, तेथून पायऱ्यांनी लोहगड, आणि परत खिंडीत येऊन रस्त्याने भाजे, असा तो फेरा पूर्ण होतो. स्वतःची गाडी लागत नाही, लोकलच्या तिकिटात काम भागते आणि दोन मोठे किल्ले एका दिवसात पाहून होतात.

दिशा कोणती धरावी

फेऱ्याला दोन दिशा असतात आणि त्यांतली कोणती धरायची हा निर्णय बहुतेक जण स्थानकावर उतरल्यावर, चहा पिता पिता घेतात. तो घरी, नकाशा पुढे ठेवून घ्यावा. कसोटी अशी: ज्या भागात वाट चुकण्याची शक्यता अधिक, चढ तीव्र किंवा सावली नाही, तो भाग सकाळी यावा, आणि अंधारातही चुकणार नाही असा भाग शेवटी यावा. या कसोटीवर विसापूर आधी आणि लोहगड नंतर, हाच क्रम योग्य ठरतो. विसापूर १,०८४ मीटर उंच असून त्याचा माथा विस्तीर्ण आणि उघडा आहे. तटबंदी आणि पाण्याची टाकी यांमधून ढोरवाटा चारी दिशांना फुटलेल्या आहेत आणि कोणती वाट खाली उतरते हे धुक्यात मुळीच उमगत नाही. लोहगड १,०३३ मीटर म्हणजे थोडा बुटका आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाज्यांतून जाणाऱ्या बांधीव पायऱ्यांवर वाट चुकायची सोयच नाही. तेथून खाली भाज्यापर्यंत रस्ता आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या फौजेने आधी विसापूर घेतला आणि मगच लोहगड त्यांच्या हाती आला. त्यांची कारणे अर्थातच वेगळी होती, पण क्रम हाच होता.

दुसरे कारण चढउताराचे आहे. कातळ, मुरमाड घसारा आणि दगडगोट्यांची घळ चढताना हात, पाय आणि डोळे एकाच दिशेला असतात. उतरताना तोल मागे जातो आणि गुडघे बोलू लागतात. म्हणून अवघड वाट चढण्यासाठी आणि सोपी वाट उतरण्यासाठी राखून ठेवावी. राजगडावर गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढून पाली दरवाज्याच्या प्रशस्त पायऱ्यांनी उतरणे शहाणपणाचे ठरते ते याच कारणाने. तेथे अडचण एवढीच की पालीकडच्या पायथ्यापासून गुंजवण्यापर्यंत फेरा रस्त्याने पुरा करावा लागतो आणि त्यासाठी गाडी आधी ठरवून ठेवलेली बरी.

घड्याळाचा हिशेब उलटा मांडावा

अंतर मोजण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि लगतच्या दोन समोच्चरेषांमधील (म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधील) उंचीचा फरक २० मीटर असतो. शिवणाचा दोरा ओला करून वाटेच्या वळणांवरून नीट बसवावा, दोन्ही टोकांना गाठ मारावी आणि मग तो सरळ करून पट्टीवर मोजावा. मोबाइलवर दोन बिंदूंमधली सरळ रेषा ओढून येणाऱ्या आकड्यापेक्षा हा आकडा खऱ्याच्या बराच जवळ जातो. तरीही डोंगरातल्या लहान लहान वळणांसाठी त्यात पाव हिस्सा मिळवावा. त्यानंतर वाट जेथे जेथे वर जाते तेथल्या समोच्चरेषा मोजून एकूण चढ काढावा. यात एक गोष्ट हमखास निसटते: विसापूरवरून खिंडीत उतरलो की कमावलेली उंची खर्ची पडते आणि लोहगडासाठी ती पुन्हा कमवावी लागते. केवळ सर्वांत उंच जागा आणि पायथा यांची वजाबाकी केली तर हा दुसरा चढ हिशेबातच येत नाही, आणि दुपारी दोनच्या उन्हात तो अचानक समोर उभा राहतो.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास, असा तो साधारणपणे सांगितला जातो. समजा, दोऱ्याने मोजलेले अंतर वाढीव पाव हिश्शासह १६ किलोमीटर आणि एकूण चढ ७५० मीटर आला. अंतराचे तीन तास बारा मिनिटे, चढाचा सव्वा तास, मिळून जवळजवळ साडेचार तास होतात. हा आकडा थंड हवेत, हलक्या पाठीने, न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. सह्याद्रीतले ऊन आणि सहा-आठ जणांचा गट लक्षात घेता त्याची दीडपट करावी, म्हणजे पावणेसात तास. न्याहारी, जेवण आणि गड पाहणे यांसाठी दोन तास धरले की दिवस पावणेनऊ तासांचा होतो. गटाचा वेग हा नेहमी सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग असतो, त्यामुळे हिशेब त्याच्यावरून करावा. सर्वांत उत्साही माणसाच्या सांगण्यावरून करू नये.

आता हाच दिवस मागून पुढे मांडू. डिसेंबरात पुण्याच्या परिसरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. भाजे गावात पाच वाजता पोहोचायचे असे ठरवले, म्हणजे उजेडाचा एक तास हातचा राहिला. खिंडीतून भाज्यापर्यंत उतरायला सव्वा तास, आणि खिंडीतून लोहगड पाहून पुन्हा खिंडीत यायला तीन तास धरले, तर गायमुख खिंडीत दुपारी पाऊण (१२.४५) वाजेपर्यंत पोहोचलेच पाहिजे. हा पाऊण वाजण्याचा आकडा सगळ्या आखणीतला सर्वांत महत्त्वाचा आहे. तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि गटातल्या प्रत्येकाला आदल्या दिवशीच सांगावा, कारण प्रत्यक्ष खिंडीत उभे राहून, लोहगड समोर दिसत असताना, तो नव्याने ठरवू गेल्यास निकाल कधीच परतीच्या बाजूने लागत नाही. पाऊण टळून गेला असेल तर लोहगड सोडून सरळ भाज्याला उतरावे. लोहगड कुठे पळून जात नाही.

प्रत्येक चांगल्या फेऱ्यात अशी एखादी खिंड किंवा वाडी असते, जेथून बाकीचा फेरा सोडून सुखरूप खाली उतरता येते. अशी जागा नसलेला फेरा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी निवडूच नये. तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा असा फेऱ्याचा दोन भागांत विचार करावा आणि विसापूर चढतानाही मनात खिंडीचेच घड्याळ चालू ठेवावे. माथ्यावर पोहोचायलाच अकरा वाजले असतील तर पठारावरची रेंगाळण्याची चैन कमी करावी लागेल, हे तेथेच कळले पाहिजे.

पुण्याहून निघणारी पहाटेची लोकल या हिशेबात बसते. साडेसातच्या सुमारास मळवलीहून पायी निघता आले तर उत्तम. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकलच्या फेऱ्या विरळ असतात, म्हणून लवकर उतरण्याचा प्रसंग आल्यास स्थानकावर ताटकळण्याची किंवा जुन्या महामार्गावर जाऊन वाहन पकडण्याची मनाची तयारी हवी. वेळापत्रक बदलत असते, ते आदल्या दिवशी पाहावे. भाजे लेणी सकाळच्या घाईत उरकू नयेत. ती पश्चिमेकडे तोंड करून आहेत आणि चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर दुपारनंतरचे ऊन पडते, त्यामुळे चारच्या आत उतरलो तर लेणी पाहावीत, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या वास्तूला अर्ध्या तासाची उरलीसुरली वेळ देणे मला तरी पटत नाही.

वाट ओळखणे आणि विचारणे

विसापूरसारख्या पठारावर मळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक कळणे हे नकाशा वाचण्याइतकेच मोलाचे आहे. माणसांच्या वाटेवरचे दगड बुटांनी घासून गुळगुळीत झालेले असतात, माती दबून घट्ट झालेली असते आणि दुर्दैवाने वेफर्सची पाकिटेही पडलेली असतात. ढोरवाट सुरुवातीला तितकीच रुंद दिसते, पण तिच्यावर शेण आणि खुरांचे ठसे असतात, ती झुडपांच्या खालून कमरेइतक्या उंचीने जाते आणि थोड्याच अंतरावर तिला दोन-तीन फाटे फुटून ती गवतात विरते. वाट विरली की पुढे रेटत जाऊ नये. जेथे वाटेबद्दल शेवटची खात्री होती त्या जागेपर्यंत सगळ्यांनी परत यावे. फेऱ्यात हा मोह विशेष बळावतो, कारण खाली गाव दिसत असते आणि एवढ्यासाठी मागे कशाला जायचे असे वाटते. पण मधे कडा आहे की नाही हे वरून दिसत नाही. दिसणारे गाव आणि उतरणारी वाट यांचा सह्याद्रीत फारसा संबंध नसतो.

मोबाइलमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा, म्हणजे रेंज नसतानाही आपली जागा कळते. दुसऱ्याने नोंदवलेली वाट मिळाली तर ती कोणत्या महिन्यातली आहे हे पाहावे. मे महिन्यात सरळ दिसणारी वाट सप्टेंबरात डोक्याइतक्या गवताखाली गेलेली असते.

भाज्यात किंवा लोहगडवाडीत चौकशी करताना 'किती वेळ लागेल' असे विचारण्यात अर्थ नाही. रोज गुरांमागे डोंगर चढणाऱ्या माणसाचे 'हे काय, अर्ध्या तासात' आपल्याला दीड तासाला पडते. त्याऐवजी वाट सध्या मळलेली आहे का, ओढ्याला पाणी किती आहे, टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे का आणि कुठे दरड कोसळली आहे का, हे विचारावे. उत्तर देणाऱ्या काकांनी 'त्या अंगानं नका जाऊ' असे म्हटले तर त्याची कारणे विचारत बसू नये. पहिल्यांदा जात असाल तर विसापूरच्या वाटेपुरता गावातला वाटाड्या घ्यावा आणि पैसे आधी बोलून घ्यावेत.

ऋतू

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या फेऱ्यासाठी सर्वांत चांगला काळ. मार्चपासून विसापूरचा माथा तापतो, गवत वाळून वणव्याची भीती असते आणि टाक्यांतले पाणी खाली जाते. एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसाच्या ऑक्टोबरात दुपारी वळवाचे ढग आणि विजा येतात. उघड्या पठारावर विजेच्या वेळी आपणच सर्वांत उंच वस्तू असतो, म्हणून त्या महिन्यांत दुपारच्या आत खिंडीत उतरलेले असावे.

पावसाळ्याबद्दल माझे मत अनेकांना आवडणार नाही. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहराच्या कितीतरी पट. विसापूरच्या पायऱ्यांवरून तेव्हा ओढा वाहतो, ते दृश्य देखणे असते आणि रविवारी तेथे जत्रा भरते. पण ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते काही मिनिटांत वाढलेल्या पाण्यामुळे. वरच्या डोंगरावर पाऊस पडत असताना खाली ऊन असू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण फेऱ्याचा हट्ट सोडून केवळ लोहगड करावा, तोही शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. जिल्हा प्रशासन या काळात धबधबे आणि किल्ल्यांच्या परिसरासाठी मनाई आदेश काढते. निघण्याआधी त्या आठवड्याचा आदेश पाहावा. जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या मालिकेत झाला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पायऱ्यांवर गर्दी गृहीतच धरावी आणि तिच्यासाठी लोहगडाच्या तीन तासांत अर्धा तास वाढवावा. खिंडीची वेळ मग सव्वाबारा होते.

पाठीवर काय घ्यावे

हिवाळ्यात माणशी तीन लिटर आणि उन्हाळ्यात चार लिटर पाणी मळवलीहूनच भरून न्यावे. लोहगडवाडीत पाणी आणि जेवण मिळते, पण तेथे पोहोचेपर्यंत दिवसाचा अर्ध्याहून अधिक भाग संपलेला असतो. घाम येऊ लागल्यावर नुसते पाणी पीत राहिल्यास क्षार कमी पडून पोटऱ्यांत गोळे येतात. जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे प्रमाण लक्षात ठेवावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत.

खाण्यासाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, फुटाणे आणि खजूर यांच्यापुढे बाजारातले काही टिकत नाही. दशमी दुधात भिजवलेली असल्याने दुपारपर्यंत मऊ राहते आणि चटणीबरोबर उभ्याउभ्याही खाता येते. लोहगडवाडीत पिठले-भाकरी खायची असेल तर जाताना सांगून, येताना जेवावे. चढाआधी पोटभर जेवलेला गट लोहगडाच्या पायऱ्यांवर ओळखू येतो.

बुटांचे तळवे खोल खाचांचे असावेत आणि बूट नवे नसावेत. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, डोक्याला लावायची विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज, भरलेली पॉवर बँक आणि नेहमीची औषधे एवढे पुरे. दिवसाचा फेरा असला तरी विजेरी प्रत्येकाकडे हवी. दहा जणांत दोन विजेऱ्या असल्या की रांग खोळंबते. सुगंधी अत्तर आणि ध्वनिवर्धक घरी ठेवावेत, कारण कड्यांना आग्या मोहोळ असते आणि वास, धूर व गोंगाट यांनी ते उठते. माश्या उठल्याच तर त्यांना हाताने न झटकता तोंड झाकून तेथून झपाट्याने दूर व्हावे. साप चावल्यास जखम चिरू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका भाज्याच्या रस्त्यावर बोलवावी.

गट आणि घरची चिठ्ठी

पुढे वाट जाणणारा आणि सर्वांत मागे अनुभवी माणूस, अशी दोन नावे आधी ठरवावीत. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबावे. कोणी गट सोडून 'मी हळूहळू खाली जातो' असे म्हणाला तर त्याला एकट्याने जाऊ देऊ नये; त्याच्याबरोबर एक जण द्यावा, किंवा सगळ्यांनीच उतरावे.

निघण्यापूर्वी घरी एक कागद ठेवावा. त्यावर गटातल्या सर्वांची नावे व क्रमांक, फेऱ्याची दिशा, खिंडीची ठरलेली वेळ, आणि लोहगड सोडून दिला तर कोणत्या रस्त्याने उतरणार हे लिहिलेले असावे. भाज्यात पोहोचताच घरी फोन करावा. रात्री आठपर्यंत फोन आला नाही आणि गटातला कोणाचाही क्रमांक लागला नाही, तर घरच्यांनी ११२ वर पोलिसांना कळवून हा कागद जसाच्या तसा वाचून दाखवावा. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखी अनुभवी बचावपथके आहेत, पण शोध विसापूरच्या पठारापासून सुरू करायचा की लोहगडाच्या विंचूकाट्यापासून (गडाच्या लांब, चिंचोळ्या सोंडेपासून), हे त्यांना या कागदावरूनच कळणार असते.